पंप सुधारला, वायरचे छिद्र तेच

थकलेल्या हृदयाला हातभार लावणारा पंप, म्हणजेच ‘एलव्हॅड’, आता पूर्वीपेक्षा कितीतरी भरवशाचा झाला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मोमेंटम-३’च्या निष्कर्षांनुसार ‘हार्टमेट-३’ बसवलेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. आधीच्या ‘हार्टमेट-२’मध्ये हे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास होते. पंपाचा फिरता भाग चुंबकीय बलावर तरंगता ठेवल्याने आत रक्ताची गुठळी होण्याची भीती बरीच ओसरली. संसर्गाच्या बाबतीत मात्र दोन्ही पंपांत फारसा फरक पडला नाही.

पंप छातीत असला तरी त्याची वीज बाहेरच्या बॅटरीतून येते आणि ती नेणारी वायर पोटाच्या कातडीतून बाहेर काढावी लागते. बॅटरीची पिशवी हातातून निसटली, कपडे बदलताना वायर ओढली गेली, की तिला चिकटलेली त्वचा सुटते आणि स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू आत शिरतात. वायरवर ते चिकट थर करून बसतात. त्या थरापुढे प्रतिजैविके तोकडी पडतात. लघवीची नळी संसर्ग झाल्यावर बदलता येते, ही वायर काढली तर पंपच बंद पडतो.

म्हणून सारा भर प्रतिबंधावर. वायरचा मखमली आवरणाचा भाग पूर्णपणे त्वचेखाली ठेवणे हे शल्यचिकित्सकाचे काम. पुढची वर्षे घरच्यांची. ड्रेसिंग शक्यतो शिकवलेल्या एकाच माणसाने, हात धुऊन, मास्क लावून करावे. वायर पट्टीने पोटाशी पक्की बांधलेली असावी. पोहणे, टबात बसणे कायमचे वर्ज्य. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घामाने ड्रेसिंग ओले झाले, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता बदलावे. आणि हळद, खोबरेल, पावडर यांपैकी काहीही त्या जागेवर नको; हे सांगावे लागते, कारण घरातली मोठी माणसे प्रेमापोटी नेमके तेच करतात.

आपल्याकडे पंपासाठी लागणारी प्रचंड रक्कम नातेवाईक कशीबशी उभी करतात. त्याच वेळी निर्जंतुक साहित्याचा दरमहाचा खर्च आणि ड्रेसिंग शिकलेला माणूस यांचीही तजवीज रुग्णालयाने विचारून घ्यायला हवी. ती नसेल, तर शस्त्रक्रियेची तारीख देण्याची घाई कशासाठी?

लाली, पू, दुखणे किंवा ताप यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी पंप बसवलेल्या केंद्राला कळवावे. तोवर घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी घेऊ नये. नमुना घेण्याआधीच औषध पोटात गेले, तर जिवाणू ओळखणे अवघड होते.