तळ्याकाठी बसणे हा काय गुन्हा झाला?

परवा एका सुशिक्षित गृहस्थांनी आमच्याशी वाद मांडला. गणपतिविसर्जनाचे चार दिवस सोडले तर शीवच्या तलावाचा उपयोग काय, हा त्यांचा सवाल. रविवारी दुपारी रिकामटेकडी माणसे तिथे नुसती बसून असतात. त्यापेक्षा तो बुजवून मोटारी उभ्या करायला जागा केली तर काय बिघडले?

या गृहस्थांना धोबीतलाव दाखवायला न्यावे, असे मनात आले. तिथे आता धोबी नाहीत आणि तलावही नाही. गोवालिया टँकचे तेच. १९४२ च्या ऑगस्टात जिथून ‘चले जाव’ची हाक गेली, त्या मैदानाच्या नावात तेवढे तळे उरले. १८६० साली विहारचे पाणी नळाने मुंबईत आले आणि तळी नकोशी झाली. पुढे १९११ साली डॉ. बेंटली यांचा हिवतापावरचा अहवाल आला आणि साठलेल्या पाण्यावर संक्रांत ओढवली. डासांचा मुद्दा खोटा नव्हता, हे कबूल करतो. पण तळी गेली. डास मात्र अजून आमच्या उशाशी गातात!

राहता राहिले ते रिकामटेकडे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे रविवारची दुपार कशी जाते हे त्या गृहस्थांना ठाऊक आहे काय? रात्रपाळीचा मुलगा निजलेला असतो, म्हणून म्हातारा हळूच पायांत चपला सरकवून बाहेर पडतो. नव्या जोडप्याला चार शब्द बोलायला घरात कोपरा नसतो. एखादा पोरगा वही मांडीवर घेऊन गणिते सोडवतो; अधूनमधून खडाही भिरकावतो (त्याशिवाय गणित सुटत नाही, हा आमचा मास्तरकीचा अनुभव). कोणी दाण्याची पुडी घेतो, कोणी तीही घेत नाही. पाण्याकडे बघत बसायला पैसे पडत नाहीत. मुंबईत असे आणखी काय उरले आहे, सांगा!

मात्र गृहस्थांना झोडपताना आपल्याही पाठीवर दोन ओढायला हव्यात. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते. प्लास्टरची तशी विरघळत नाही, तळाशी गाळ होऊन बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींना मनाईचा नियम केला. आम्ही मात्र मूर्तीची उंची मोजत राहिलो. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात भिरकावणारा हात भक्ताचाच असतो. ते गृहस्थ तलाव एका दमात बुजवू म्हणतात, आम्ही दर भाद्रपदात थोडाथोडा बुजवतो, इतकाच फरक.

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपे, म्हणून पलीकडच्या पोर्तुगीज साष्टीवर नजर ठेवायला इंग्रजांनी सतराव्या शतकात इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. आता पहारा करायचा तो पलीकडच्यांवर नव्हे.

“आपण रविवारी दुपारी कुठे जाता?” असे शेवटी त्या गृहस्थांना विचारले.

“मॉलमध्ये. गार असते.”

“आणि तिथे काय करता?”

“काही नाही, बसतो.”

येत्या रविवारी त्यांना तळ्यावर बोलावले आहे. दाणे आमच्याकडून.