खेळणाऱ्यांवाचून गंजिफा

सावंतवाडीच्या राजवाड्यात चित्रकार गंजिफा रंगवत बसलेले असतात. आमच्यासमवेत आलेली मुले त्यांच्याभोवती जमली. कूर्म कोणता, वराह कोणता हे त्यांनी चटकन ओळखले, आणि आम्ही संस्कार पार पडल्याच्या समाधानात परतू लागलो. तेवढ्यात त्यांतील दहा वर्षांच्या मुलीने विचारले, "पण हे खेळायचे कसे?" आम्हां चौघा थोरांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

आपल्या कलांची मुलांना ओळख करून देण्याचा सध्या फार उत्साह आहे; पण ती ओळख बहुधा प्रदर्शनीय वस्तूची असते. गंजिफा हे तर खेळाचे साधन. दशावतारी गंजिफात 120 गोल पाने असतात: दहा अवतार, प्रत्येकी राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. तिघे खेळले तर प्रत्येकाच्या हाती 40 पाने. हुकूम नाही, भिस्त सारी स्मरणावर. पाच अवतारांत दश्शी एक्क्याहून थोर, उरलेल्या पाचांत नेमके उलटे. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी. रात्री तो मान कृष्णाचा. हा शेवटचा नियम ऐकून ज्या मुलाचे डोळे चमकणार नाहीत असे मूल आम्ही तरी पाहिलेले नाही.

आणि खेळल्यावाचून चित्रही कळत नाही. मासा, कासव, परशू इतके ठसठशीत का? मुठीत दाटलेल्या पानांतून ते क्षणात ओळखू यावेत म्हणून. सर्व पानांची पाठ एकसारखी का? तीवरून पान ओळखता आले, तर खेळ संपलाच.

1970च्या दशकारंभी शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही कला सावरली, तेव्हा ती जाणणारे पुंडलिक चितारी पार थकलेले होते. त्यांच्यापाशी बसून ती शिकून घेतली गेली, म्हणून आज हात शिल्लक आहेत. खेळणारे मात्र परतले नाहीत. परिणामी संच विकत घेतला जातो तो काचेच्या कपाटासाठी, आणि मुलांना पहिली ताकीद मिळते ती हात न लावण्याची!

खेळण्यासाठी स्वस्त छापील संच आले तर कारागिरांचे पोट मारले जाईल, ही शंका आम्ही रास्त मानतो. परंतु केवळ भेटवस्तू म्हणून एखादी कला किती पिढ्या तगेल? मुलांनी आधी आपल्या हातांनी पाने करावीत. हाताने रंगवलेल्या संचाची किंमत ऐकून मग ती घासाघीस करणार नाहीत.

आम्ही घरी जुन्या लग्नपत्रिका कापल्या. 120 वर्तुळे कापता कापता कात्रीने बोटे दुखली, आणि कूर्म बटाटेवड्यासारखे झाले. चाळीसावे पान रंगवताना त्या मुलीने स्वतःहून विचारले, की राजवाड्यातले ते काका एका संचाला किती दिवस लावत असतील. डाव मांडेपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. तिने पाने उलगडली, कृष्णाचा राजा शोधून काढला आणि उतारी केली.