आगोट आली, सासूबाई एकट्या!

"सासूबाई श्रीवर्धनला एकट्याच असतात, आम्ही पुण्याला. पावसाळाभर या म्हटलं तरी वाडी सोडून येत नाहीत. पाऊस लागला की माझा जीव टांगणीला! काय करू?" असे एका भगिनीने विचारले आहे.

त्यांना ओढून आणायचा हट्ट मी तरी धरणार नाही. जिने सारा जन्म त्या पडवीतून पाऊस पाहिला, तिला आगोटीची बेगमी आपण काय शिकवणार? तांदूळ, कडधान्ये, सुकी मासळी, मीठमिरची, वाळके सरपण... सारे मृगाआधीच घरात आलेले असते. गोची होते ती नव्या सोयींनी.

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. ताशी शंभर किलोमीटरहून जोराचा वारा रायगडच्या किनाऱ्यावर आदळला. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले नि पत्रे उडाले. वीज गेली ती कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. मोबाइलही मुके झाले. आणि विहिरीत पाणी असून उपयोग नाही, कारण पंप बंद!

म्हणून यंदा पहिली खरेदी नवा दोर नि पोहऱ्याची. पोहरा लहानच घ्या हं, भरलेली कळशी सत्तरीच्या हातांना ओढवत नाही. वादळाची सूचना येताच पिंप, हंडे, घागरी भरून ठेवायच्या. रक्तदाबाची, साखरेची औषधे महिनाभर पुरतील इतकी. इन्शुलिन असेल तर फ्रिज बंद पडल्यावर ते कसे ठेवायचे, हे डॉक्टरांना आताच विचारा. सुट्टे पैसे, बॅटरी नि जादा सेल हवेतच. मोठ्या अक्षरांत फोन नंबर लिहून भिंतीवर लावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ त्यात असू द्या.

पण खरी भिस्त शेजारणीवर. पुण्याहून तुम्ही कितीही फोन फिरवलात तरी लाइनच नसेल तर काय? तेव्हा शेजारणीशी आधीच ठरवा: सकाळी आठपर्यंत दार उघडलेले दिसले नाही, तर येऊन हाक मारायची. जादा किल्ली तिच्याकडे द्या. (त्यांचे आपसात भांडण असेल, तर पलीकडच्या घरी!)

घर कधी सोडायचे, हेही आताच ठरवून घ्या. गावात दवंडी फिरली की वारा सुटण्याआधीच शाळेत किंवा पक्क्या घरात जायचे. आधारकार्ड, रेशनकार्ड, पासबुक, चष्मा, औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दाराशी तयार. आणि वारा एकाएकी पडला म्हणून "गेलं वादळ" समजून अंगणात जायचे नाही. वादळाचा डोळा डोक्यावर आला की अशीच शांतता होते. थोड्या वेळाने उलट्या दिशेने वारा पुन्हा सुटतो. नंतरही, पडलेल्या तारेला हात नाही!

हे फोनवर सांगून सासूबाई "हो हो" म्हणतील नि विसरतील. मे महिन्यात दोन दिवस स्वतः जा. पोहरा त्यांच्याच हाताने एकदा विहिरीत सोडून, भरून वर घ्यायला सांगा. जड गेला तर अजून लहान आणा.