८० हर्ट्झच्या खाली

गाडीत साउंड बसवताना अ‍ॅम्प किती वॉटचा आणि वूफर किती इंची, एवढ्यावरच बहुतेक बोलणी संपतात. आवाज सुधारतो किंवा बिघडतो तो मात्र क्रॉसओव्हरवर, म्हणजे खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या जोडणीवर. दरवाजातल्या साडेसहा इंची स्पीकरकडून ४० हर्ट्झचा खर्ज मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. म्हणून ८० हर्ट्झच्या आसपास रेघ ओढतात : खालचं काम डिकीतल्या वूफरकडे, वरचं दरवाजाकडे. उतार सप्तकाला १२ डेसिबलचा ठेवला, तर ४० हर्ट्झवर दरवाजाला साधारण सोळावा हिस्सा शक्ती मिळते. २४ चा ठेवला, तर अडीचशेवा. मग स्पीकर फाटत नाही, शब्द स्वच्छ ऐकू येतात आणि आवाज वाढवायची गरजही कमी होते.

अशा वाटणीचा इतिहास मोटारीतल्या वूफरपेक्षा जुना आहे. २७ एप्रिल १९३३ ला फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला गेला. बेल लॅबच्या हार्वी फ्लेचर यांच्या चमूने तिथे ३०० हर्ट्झवर आवाज दुभागला होता. त्याच वर्षी फ्लेचर यांनी सहकारी मन्सन यांच्यासह, कान कोणता स्वर किती मोठा मानतो, याचे आलेख प्रसिद्ध केले. या दोन कामांतून दोन वाटा फुटल्या. दुभागणीच्या पहिल्या वाटेवर पुढे १९७६ मध्ये लिंकविट्झ आणि रायली या अभियंत्यांची क्रॉसओव्हरची मांडणी आली : सांध्यावर दोन्ही स्पीकर सहा-सहा डेसिबल खाली, तरी एकत्र येऊन आवाज सपाट. दुसऱ्या वाटेवर ध्वनिमापनाचं ‘ए’ माप आलं.

सोलापूरच्या मिरवणुकांतल्या ट्रकांवरून येणाऱ्या खर्जाचा प्रश्न या दुसऱ्या वाटेवर आहे. ‘ए’ माप मुळात हळू आवाजांसाठी आखलेलं. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ते ५० हर्ट्झवर सुमारे ३० डेसिबल वजा करतं. आवाज प्रचंड झाला की कान एवढी सूट देत नाही. छाती आणि घरावरचे पत्रे तर मुळीच देत नाहीत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागाची दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा याच मापात आहे. सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाची मर्यादाही, म्हणजे परिसराच्या मर्यादेहून १० जास्त किंवा ७५ यांतली जी कमी ती. ५० हर्ट्झचा निव्वळ १०० डेसिबलचा ठोका या मापात ७० भरतो. कागदावर तीस डेसिबल गायब!

लेझीम आणि हलगी ही सोलापूरच्या मिरवणुकांची ओळख. हलगीचा कडकडाट आणि लेझमीचा छणछणाट बहुतांशी वरच्या पट्टीत असतो. तो मीटरला पुरता दिसतो आणि भिंतीआड लवकर मावळतो. ट्रकवरच्या वूफरच्या भिंतीचा खर्ज मात्र पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांत भिंतीतूनच शिरतो. त्या ट्रकवरही क्रॉसओव्हरच बसवलेला असतो. ज्या विद्येने गाडीतलं गाणं निवळतं, तिनेच हा खर्ज इतका ताकदवान केला, आणि आपण त्याला जुन्या मापाने मोजत बसलो.

मिरवणुकीत ‘ए’ बरोबर ‘सी’ मापाचीही नोंद व्हायला हवी. ते ५० हर्ट्झवर जेमतेम १.३ डेसिबल सोडतं, आणि चांगल्या ध्वनिमापकांत ते बहुधा असतंच. खर्जाची वेगळी मर्यादा नियमांत येईपर्यंत निदान हे आकडे तरी दरवर्षी जाहीर व्हावेत. आणि गाडीत साउंड बसवणाऱ्यांनी गेन वाढवण्याआधी दरवाजाचा हाय-पास, म्हणजे खालचे स्वर अडवणारी चाळणी, ८० वर लावून एक गाणं ऐकावं.