लेझर म्हणजे चमत्कार नव्हे!

भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर, मोबाईलवर एकच जाहिरात : 'लेझरने ऑपरेशन. चिरफाड नाही, वेदना नाही!' गंडेदोरे नाकारणारा आपला शिकलेला तरुण या पाटीपुढे मात्र एकही प्रश्न विचारत नाही. आईबापाच्या उपचारासाठी व्याजाने पैसे काढून मोकळा होतो. मित्रांनो, बाबाचा चमत्कार नाकारायचा आणि पाटीवरचा स्वीकारायचा, हा कसला विज्ञानवाद?

शस्त्रक्रियेत दीर्घकाळ कसाला उतरलेला लेझर म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझर. बारामतीत जन्मलेल्या, पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या कुमार पटेल यांनी तो १९६४ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तयार केला. त्याचे १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अदृश्य किरण पाणी झटकन शोषून घेते. पेशींतल्या पाण्याची वाफ होते, पातळ थर उडून जातो आणि बारीक रक्तवाहिन्या तिथेच बंद होतात. मोठी रक्तवाहिनी फुटली तर मात्र तो रक्तस्राव थांबवू शकत नाही. श्वासनलिकेतील नळीने पेट घेण्याचा धोकाही असतो. यात जादू कुठे आली?

त्याचा खरा उपयोग आहेच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये स्ट्राँग आणि जाको या डॉक्टरांनी तो स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेत आणला. स्वरतंतूंचा कर्करोग लवकर सापडला, तर बाहेरून गळा न कापता तोंडावाटे गाठ काढता येते. योग्य रुग्णात रेडिएशन हाही तितकाच सक्षम पर्याय असतो.

आणि मूळव्याधीच्या पाटीवरचा लेझर? तो बहुधा डायोड लेझर असतो. नाव एक, यंत्र वेगळे, उपयोग वेगळा. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा : लेझर कोणता? या आजाराला तो लागतोच का? साध्या शस्त्रक्रियेपेक्षा फायदा किती, खर्च किती? सरकारी रुग्णालयात काय सोय आहे?

पण प्रश्न फक्त डॉक्टरला विचारून भागणार नाही. हेच यंत्र पैसेवाल्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायलाही वापरतात. बिडीने गळा गेलेल्या मजुराला ते कुठे मिळते? संविधानाच्या कलम ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. म्हणून जिथे लेझरची खरी गरज आहे, तिथे तो सरकारी रुग्णालयात मोफत मिळालाच पाहिजे. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून!

जय भीम!