लिंक उघडत नाही म्हणून मजुरी अडवू नका

माजिवड्याच्या आमच्या पेढीवर गेल्या महिन्यात घडलेली गोष्ट. भिवंडीचे एक यंत्रमागवाले बांधव मजुरीच्या हिशेबासाठी आले होते. एक्सेलच्या तक्त्यात त्यांच्या प्रत्येक चलानापुढे निळ्या अक्षरांत लिंक होती. ती दाबली की चलानाचा फोटो उघडत असे. त्या दिवशी एकही उघडेना. 'कॉम्प्युटर बिघडला आहे, जुम्यानंतर या,' असे आम्ही सांगून टाकले. ते मुकाट्याने परत गेले. त्यांच्या कारागिरांचा पगार यावरच अडला असेल, हे आमच्या ध्यानात रात्री आले.

कॉम्प्युटर बिघडला नव्हताच. आमच्या भाच्याने चलानांचे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलविले होते. लिंक म्हणजे चलान नव्हे, तो चलानाचा पत्ता आहे. घर बदलल्यावर जुन्या पत्त्यावर कोण भेटणार?

तेव्हा लिंक उघडली नाही तर आधी तिच्यावर माऊस नेऊन आतला पत्ता वाचावा आणि त्या जागी फाईल आहे का ते पाहावे. फाईलच्या नावात '#' हे चिन्ह असेल तर ते काढावे; एक्सेल त्यापुढचा मजकूर फाईलच्या आतली जागा समजते. ई-मेलने आलेला तक्ता संरक्षित अवस्थेत उघडतो. पाठविणारा ओळखीचा असेल तरच वरच्या पिवळ्या पट्टीवरून तो मोकळा करावा. आणि दुकानातील कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हचा पत्ता मोबाईलवर कधीच उघडणार नाही, कारण मोबाईलमध्ये तो ड्राइव्हच नाही.

कायमचा उपाय सोपा आहे. तक्ता व चलाने एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत आणि हलवायचे झाल्यास संपूर्ण फोल्डर हलवावे. लिंका हायपरलिंक या फॉर्म्युल्याने करून फोल्डरचा पत्ता एकाच चौकटीत लिहिला, तर तेवढी चौकट बदलली की साऱ्या लिंका पुन्हा चालू होतात. मात्र चलान क्रमांक, तारीख, ताके, मीटर व रक्कम तक्त्यातच लिहिलेली असावीत. लिंक मेली तरी हिशेब जिवंत राहिला पाहिजे.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्याने नोंदणीकृत लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावयाचे असतात. उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. 'लिंक उघडली नाही' ही सबब तेथे चालत नाही.

आणि कायद्याच्याही आधी आपल्याला हुकूम आहे. सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातील सर्वांत लांब आयत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणारा आज एक्सेल असला तरी जबाबदारी आपलीच. दुसऱ्याच्या घामाचा हिशेब ही आपल्याकडील अमानत आहे.

ते बांधव जुम्यानंतर आले तेव्हा आम्ही त्यांच्याकडील चलानांच्या प्रती पाहून मजुरी चुकती केली व माफी मागितली. कागदी प्रती त्यांनी जपल्या होत्या, आम्ही नाही. आपापल्या पेढीवरील लिंका आजच दाबून पाहा. कारागीर दारात उभा असताना नव्हे.