जिन्याखालचा साठा आजच हलवा!

चिखलदऱ्यातले हॉटेलमालक, होमस्टे चालवणारे, दुकानदार, बांधकाम कंत्राटदार आणि आश्रमशाळांचे मुख्याध्यापक, तुम्हा सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. उन्हाळी गर्दीच्या आधीची रंगरंगोटी सुरू झाली आहे. आपल्या इमारतीत जिन्याखाली एकदा वाकून पाहा. जनरेटरच्या डिझेलचा कॅन, थिनरचा अर्धा डबा, पाण्याच्या बाटलीत गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल, शेजारी ब्लीचिंग पावडरचं पोतं, संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि त्याच कोपऱ्यात चार्जिंगला लावलेली इन्व्हर्टरची बॅटरी. रात्री तिथंच स्वयंपाकघरातली पोरं गोधड्या पसरून झोपतात.

३० ऑगस्ट २०२३ला, राखीपौर्णिमेच्या पहाटे, पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत एका हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. दुकानातच राहणारं कुटुंब झोपेत होतं. आईवडील आणि दोन मुलं, चौघंही गेली. त्याआधी ७ जून २०२१ला मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथं क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादनं बनवणाऱ्या कारखान्यात १७ कामगार जळून गेले. त्यांत बहुतेक बाया होत्या. ही दोन्ही ठिकाणं पुण्याच्या अंगालगतची, तरी माणसं वाचली नाहीत. आपल्याकडे जादा बंब मागवायचा तर तो परतवाड्याहून, अमरावतीहून घाट चढून यायचा. त्यात १५ फेब्रुवारीपासून जंगलात वणव्याचा हंगाम. सागाचा पाला खडखडीत वाळलेला असतो आणि गावाला लागून मेळघाटचं रान आहे.

‘इथं थंडी असते, पेट्रोल कशाला पेटतंय,’ असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे. पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही सुटते. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत दाराखालून पलीकडच्या खोलीत जाते आणि तिथल्या शेगडीवर किंवा फ्रिजच्या ठिणगीवर भडकते. ज्वाला मग वाफेच्या मागानं उलटी कॅनपर्यंत येते.

मोठ्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत यासाठी आगरोधक कपाट असतं. ते साध्या लोखंडी कपाटासारखं दिसतं, पण त्याचा पत्रा दुहेरी असतो आणि दोन पत्र्यांमध्ये सुमारे ३८ मिलिमीटरची पोकळी असते. दाराचा उंबरठा निदान ५ सेंटिमीटर उंच, म्हणजे डबा कलंडला तरी सांडलेलं आतच राहतं. चांगल्या कपाटाचं दार उघडं राहिलं तरी आगीच्या उष्णतेनं आपोआप मिटतं. युरोपीय मानकात अशी कपाटं ३० आणि ९० मिनिटं टिकणारी अशी विकली जातात. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी ९० मिनिटांचंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. घरातलं एकेरी पत्र्याचं कपाट मात्र आगीत काही मिनिटांतच तापतं. त्याच्या भरवशावर राहू नका.

होमस्टेवाल्यांना हे कपाट परवडणार नाही, हे मान्य. मग इमारतीपासून सुटी, विटांची छोटी खोली बांधा. लोखंडी दार, उंच उंबरठा, जमिनीलगत आणि वर जाळीचे झरोके. आत ना बटण, ना दिवा. रंगाच्या आणि थिनरच्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. ब्लीचिंग पावडर या सगळ्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवा. अ‍ॅसिडशी गाठ पडली तर तिच्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तेलकट पदार्थात मिसळली तर ती स्वतःच पेट घेऊ शकते. गॅस सिलिंडर कपाटात कधीही कोंडू नका. ते बाहेर, मोकळ्या हवेत, उभेच ठेवायचे.

कायदाही माहीत असू द्या. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विनापरवाना पेट्रोल जास्तीत जास्त ३० लिटर, तेही स्वतःच्या वापरापुरतं आणि घट्ट बुचाच्या धातूच्या भांड्यात. काचेची बाटली एक लिटरपर्यंतच चालते, प्लास्टिक नाहीच. पानठेल्यावर बाटलीतून पेट्रोल विकणं तर सरळ गुन्हा आहे. एलपीजी परवान्याशिवाय १०० किलोपर्यंत, म्हणजे १९ किलोचे पाचच सिलिंडर, रिकामे वेगळे. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. तो केवळ सही-शिक्क्यापुरता देऊ नका. दाखला देणाऱ्याला जिन्याखाली घेऊन जा आणि तिथला साठा दाखवा.

नगर परिषदेलाही मागणं आहे: या फाल्गुनात प्रत्येक हॉटेलचा आणि दुकानाचा साठा प्रत्यक्ष पाहा, आणि कुठं काय ठेवलं आहे याची यादी बंबावरच्या माणसांच्या हाती द्या. आग लागली तर १०१ किंवा ११२, गॅस गळती झाली तर १९०६, हे आकडे स्वयंपाकघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. कोरकू पोरांना ते वाचून दाखवा, त्यांच्या बोलीत समजावून सांगा.

कपाटाची ऑर्डर, विटा, गवंडी यांना वेळ लागेल. तोवर एवढं आज संध्याकाळच्या आत करा: जिन्याखालचे कॅन आणि बाटल्या उचलून इमारतीबाहेर सावलीत कुलपात ठेवा, बॅटरी तिथून हलवा आणि पोरांची अंथरुणं दुसऱ्या खोलीत घाला.